बाबांचा अंजायना, मनगटावरच्या सुया आणि मेंदू

ओंजळ

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण बरेच दिवस मनात साचलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबांना सहा वर्षांपासून अंजायना आहे, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत येणारी कळ. दोन स्टेंट घातलेत, गोळ्या वेळच्या वेळी चालू आहेत. तरी दोन मजले चढले किंवा जेवून लगेच चालले की छातीवर कोणीतरी गुडघा रोवल्यासारखं होतं. थांबलं, जिभेखाली गोळी ठेवली की पाचेक मिनिटांत ओसरतं. शेवटच्या अँजिओग्राफीत नव्याने काही अडलेलं दिसलं नाही. डॉक्टर म्हणतात, हा स्थिर प्रकार आहे, घाबरण्यासारखं नाही. पण या दुखण्याने बाबांना आतून पोखरलंय. जिना दिसला की त्यांचा चेहरा बदलतो. पूर्वी चालताना आम्हीच मागे पडायचो, आता ते प्रत्येक वळणावर थांबायचं निमित्त शोधतात.

आत्याने ॲक्युपंक्चर सुचवलं. तिथे चौकशीला गेलो तेव्हा उपचार करणाऱ्या बाईंनी मनगटाच्या आतल्या बाजूचा बिंदू दाखवला आणि म्हणाल्या, "इथे सुई टोचली की मेंदूतली वेदनेची केंद्रं शांत होतात, स्कॅनमध्येही ते दिसलंय."

तेव्हापासून दोन गोष्टी डोक्यातून जात नाहीत. दुखणं हृदयाचं, सुई मनगटात आणि फरक मेंदूत, हे कसं? आणि मेंदू खरोखरच शांत होत असेल, तर आपण धोक्याची घंटाच बंद करत नाही ना? उद्या हार्ट अटॅक आला आणि बाबांना कळलंच नाही तर? कोणी अभ्यास केला असेल तर कृपया लिहा.

निळाई

ओंजळताई, मी मेंदूच्या एमआरआयवर काम करते. हृदयरोगतज्ज्ञ नाही, त्यामुळे बाबांच्या औषधांबद्दल काही बोलणार नाही. पण पहिल्या प्रश्नावर मनापासून लिहावंसं वाटतंय.

हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडलं की तिथल्या चेतातंतूंची टोकं चेतवली जातात. हे तंतू छातीच्या वरच्या भागातल्या मणक्यांच्या पातळीवर पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत शिरतात. छातीच्या त्वचेकडून आणि हाताच्या आतल्या बाजूकडून येणारे तंतूही तिथेच पोचतात. दोन्हीकडचे निरोप एकाच पेशीवर येऊन पडतात, म्हणून मेंदूला हृदयाचं दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जाणवतं. हात आणि हृदय यांचा संबंध तुम्हाला अजब वाटला, पण अंजायनाच्या अनेक रुग्णांनी तो अंगावर अनुभवलेला असतो.

तिथून निरोप वर थॅलॅमसला जातो. थॅलॅमस म्हणजे मेंदूच्या मध्यावरचं वाटपाचं ठिकाण. पुढे मेंदूतलेच इन्सुला, सिंग्युलेट आणि कपाळामागचा भाग. यावर लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या गटाने १९९४ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. अंजायनाच्या बारा रुग्णांना डोब्युटामिन देऊन, म्हणजे औषधाने हृदयाचं काम वाढवून, मुद्दाम कळ आणली आणि त्याच वेळी पेट स्कॅनने मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. हायपोथॅलॅमस, मेंदूच्या देठातला करडा भाग, दोन्ही बाजूंचे थॅलॅमस आणि कपाळामागचा भाग, सगळीकडे प्रवाह वाढला. पण मला थक्क केलं ते पुढच्या भागाने. औषध थांबवलं, कळ गेली, ईसीजी पूर्ववत झाला, तरी थॅलॅमस जागाच होता!

१९९६ मध्ये याच गटाने ज्यांच्या हृदयाला रक्त कमी पडतं पण दुखत मात्र नाही, अशा रुग्णांना तपासलं. थॅलॅमस त्यांचाही चेतवला गेला, पण वरच्या कपाळामागच्या भागापर्यंत निरोप तसा पोचला नाही. म्हणजे हृदयाची तक्रार दोघांचीही सारखीच, पण तिचं दुखण्यात रूपांतर होतं की नाही, हे पुष्कळसं वर ठरतं.

पारिजातक

निळाईताईंच्या शेवटच्या ओळीला धरून लिहिते, कारण ती वाचून डोळे भरून आले.

मला सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा अंजायना आहे. मोठ्या धमन्या मोकळ्या, अँजिओग्राफी 'नॉर्मल', आणि छातीत मात्र आग. कित्येक वर्षं मला "टेन्शन घेऊ नका, मनाचं आहे" एवढंच सांगितलं गेलं. शेवटी एका डॉक्टरांनी समजावून सांगितलं की अँजिओग्राफीत दिसतात त्यापेक्षा कितीतरी बारीक वाहिन्या हृदयात असतात आणि दोष तिथे असू शकतो.

म्हणून एक विनंती. मेंदूचा संबंध आहे असं कळलं की घरातलीच माणसं म्हणतात, "बघ, म्हणजे डोक्यातच आहे." वेदना मेंदूत तयार होते हे खरं, पण पाय मोडलेल्या माणसाचीही वेदना मेंदूतच तयार होते. बाबांना हे कोणी ऐकवू नये, ओंजळ. या वयात ते फार लागतं.

मोगरावेल

आमच्या काकूंना अर्धशिशीसाठी ॲक्युपंक्चरने खूप बरं वाटलं. हृदयाचं माहीत नाही. बाबांना शुभेच्छा.

काटेकोर

मी संख्याशास्त्र शिकवतो. या विषयावरचा सर्वांत भक्कम अभ्यास चीनमधला आहे, २०१९ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये आलेला. तो मी दोनदा वाचला आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पाच केंद्रांमध्ये मिळून स्थिर अंजायनाचे ४०४ रुग्ण चार गटांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे विभागले. नेहमीची औषधं सगळ्यांचीच चालू होती. पहिल्या गटाला ॲक्युपंक्चरमध्ये हृदयाशी जोडलेल्या मानल्या जाणाऱ्या ऊर्जावाहिन्यांवर (रक्तवाहिन्या नव्हेत) सुया, म्हणजे मनगटाजवळचे दोन बिंदू. दुसऱ्या गटाला हातावरच, पण फुप्फुसाच्या वाहिनीवर. तिसऱ्याला जिथे कुठलाच बिंदू मानला जात नाही अशा जागी. चौथा गट नुसता वाट पाहणारा. चार आठवड्यांत बारा बैठका आणि एकूण सोळा आठवडे नोंदी.

शेवटी चार आठवड्यांतल्या कळांची संख्या पहिल्या गटात सरासरी सुमारे ८ ने कमी झाली, दुसऱ्या गटात सुमारे ४ ने, उरलेल्या दोन्ही गटांत ३ पेक्षाही कमी. हा फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. 'हे सगळं थोतांड आहे' असं म्हणणाऱ्यांनी आधी हा अभ्यास वाचावा.

आता माझ्या शंका. सुया टोचणाऱ्याला आपण कुठे टोचतोय हे माहीत असतंच. त्याच्या बोलण्यातून, हाताच्या आत्मविश्वासातून ते रुग्णापर्यंत पोचू शकतं. आणि मोजमाप होतं ते रुग्णाने स्वतः वहीत लिहिलेल्या कळांचं.

हे इतकं महत्त्वाचं का? कारण अंजायनाचा इतिहासच तसा आहे. १९५० च्या दशकात छातीच्या आतल्या बाजूची एक धमनी बांधून टाकायची शस्त्रक्रिया अंजायनावर केली जायची आणि रुग्ण सुधारायचे. १९५९ मध्ये कॉब आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांची फक्त त्वचा कापून शिवली, धमनीला हातच लावला नाही. तेही तितकेच सुधारले. २०१७ मध्ये 'ऑर्बिटा' या ब्रिटिश अभ्यासात २०० रुग्णांपैकी काहींना खरा स्टेंट घातला, काहींवर फक्त तशी प्रक्रिया केल्याचा देखावा केला. ट्रेडमिलवर चालण्याच्या वेळेत दोन्ही गटांत ठोस फरक निघाला नाही. पुढे २०२३ मध्ये, अंजायनाच्या गोळ्या बंद ठेवून केलेल्या 'ऑर्बिटा-२' मध्ये मात्र खऱ्या स्टेंटने दुखणं स्पष्टपणे कमी झालं. म्हणजे स्टेंट निरुपयोगी नाही. पण या दुखण्यावर काळजीचा, अपेक्षेचा आणि कोणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय या भावनेचा प्रभाव प्रचंड असतो.

ॲक्युपंक्चरचंही तेच दिसतं. १९९० च्या डॅनिश अभ्यासात ४९ रुग्ण होते. खऱ्या आणि खोट्या, दोन्ही प्रकारच्या सुयांनी ते सुधारले, आणि दोघांत फरक निघाला नाही. १९९१ च्या स्वीडिश अभ्यासात २१ रुग्णांच्या आठवड्यातल्या कळा १०.६ वरून ६.१ वर आल्या, पण तिथे तुलना होती ती निष्प्रभ गोळीशी. सुई आणि गोळी घेण्याचा अनुभव सारखा नसतो, त्यामुळे ती तुलना मला कच्ची वाटते.

ओंजळ

काटेकोर सर, इतकं स्पष्ट मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. पारिजातकताई, बाबांना तसं कोणी म्हणणार नाही, शब्द देते.

निळाईताई, त्या बाई म्हणाल्या ते "स्कॅनमध्ये दिसलंय" कितपत खरं धरायचं?

निळाई

स्कॅनमध्ये दिसतं हे खरं आहे. फक्त त्यातून काय सिद्ध होतं, ते जपून सांगावं लागतं.

एफएमआरआय, म्हणजे मेंदूतली हालचाल दाखवणारा एमआरआय, पेशींची कामगिरी थेट मोजत नाही. पेशी काम करू लागल्या की त्या भागाला प्राणवायू असलेलं रक्त जास्त मिळतं, त्याचा चुंबकीय फरक आपण टिपतो. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये ही वाट दाखवली. सुयांवरचा गाजलेला अभ्यास २००० सालचा, बॉस्टनचा. तेरा निरोगी माणसांच्या अंगठा आणि तर्जनीमधल्या बिंदूवर सुई फिरवली. अकरा जणांना जडपणा, मुंग्या, आत काहीतरी ओढल्यासारखं वाटलं. याला चिनी परंपरेत 'दची' म्हणतात. त्यांच्या मेंदूतल्या भीती आणि भावनांशी जोडलेल्या खोल भागांतली हालचाल कमी झाली. दोघांना मात्र टोचल्याची तीक्ष्ण वेदना झाली, त्यांच्यात ती वाढली. एकच सुई, पण ती कशी जाणवली यावर मेंदूचा प्रतिसाद उलटा!

अंजायनाच्या रुग्णांवर असं काम मुख्यतः चेंगदूच्या पारंपरिक वैद्यक विद्यापीठातल्या गटाने केलंय. २०२२ च्या त्यांच्या एका निबंधात सुयांनंतर कॅल्करीन या भागातली विश्रांतीतली हालचाल आणि त्याचे इतर भागांशी असलेले दुवे बदलल्याचं आहे. आता कॅल्करीन हा मेंदूच्या मागच्या बाजूचा भाग, मुळात दृष्टीचा. हृदयशूलात तो का बदलावा याची स्पष्टीकरणं देता येतात, पण स्पष्टीकरण देता येणं आणि ते खरं असणं यांत अंतर आहे.

इथे मला एक जुनी गोष्ट आठवते. १९९८ मध्ये एका नामांकित नियतकालिकात आलं होतं की पायाच्या करंगळीजवळचा 'डोळ्यांचा' बिंदू टोचला की मेंदूतलं दृष्टीचं केंद्र उजळतं. जगभर गाजलं. २००६ मध्ये लेखकांनीच तो निबंध मागे घेतला, बिंदू आणि मेंदूतला भाग यांचं तसं थेट नातं टिकत नाही म्हणून. आणि २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक मेलेला सॅमन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रं दाखवली, आणि आकडेवारीची आवश्यक दुरुस्ती न केल्यास त्याच्याही मेंदूत 'हालचाल' दिसते हे दाखवून दिलं. मी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी हे सांगते. स्कॅनमध्ये हजारो ठिपके एकदम तपासले जातात, त्यांतले काही निव्वळ योगायोगानेही उजळतात.

तरीही मी या विषयाला पाठ दाखवणार नाही, त्याचं कारण दोन अभ्यास. दोन्ही हृदयाचे नाहीत. २००९ मध्ये फायब्रोमायल्जियाच्या, म्हणजे अंगभर सतत दुखण्याचा विकार असलेल्या, वीस स्त्रियांवर पेट स्कॅन केले. खऱ्या आणि खोट्या सुयांनी दुखणं जवळपास सारखंच कमी झालं, पण मेंदूतल्या अफूसदृश रसायनांच्या ग्राहींवर खऱ्या सुयांचा परिणाम एका दिशेने होता, खोट्यांचा दुसऱ्या दिशेने. २०१७ मध्ये मनगटातली नस दबलेल्या ८० रुग्णांत लक्षणं सगळ्याच गटांत सुधारली, पण नसेतून संदेश जाण्याचा वेग खऱ्या विद्युत-सुयांनीच, म्हणजे सौम्य वीज सोडलेल्या सुयांनीच, सुधारला. शिवाय मेंदूतल्या बोटांच्या नकाशात झालेल्या बदलावरून तीन महिन्यांनंतर कोणाला बरं राहील याचा अंदाज बांधता आला.

म्हणजे रुग्ण दोन्हीकडे "बरं वाटतं" असंच सांगतो, आणि आत दोन वेगळ्या वाटा असू शकतात. काटेकोर सर, केवळ वहीतल्या आकड्यांवरून हे कधीच कळलं नसतं, म्हणून स्कॅन हवेत असं मला वाटतं.

काटेकोर

मान्य. पण रुग्णाला दोन्ही वाटांनी सारखंच बरं वाटत असेल, तर कुठल्या वाटेने वाटलं हा प्रश्न तुमचा आणि माझा आहे, ओंजळच्या बाबांचा नाही.

निळाई

बाबांचाही आहे. फायदा किती दिवस टिकणार हे त्या वाटेवर अवलंबून असू शकतं. मनगटाच्या अभ्यासात तेच दिसलं.

दीपमाळ

मी निवृत्त भूलतज्ज्ञ. आयुष्य वेदनेच्या आसपासच गेलं. ओंजळबाळ, तुझा दुसरा प्रश्न अजून तसाच राहिला आहे आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा, म्हणून लिहितो.

त्या बाईंनी दाखवलेला बिंदू बहुधा नेइग्वान. मनगटाच्या घडीपासून वर साधारण तीन बोटं, दोन ठळक स्नायुरज्जूंच्या मध्ये. त्याच्या खाली मीडियन नर्व्ह जाते. वाहिन्या वगैरे कल्पना बाजूला ठेवल्या तरी तिथे सुई टोचली की एक मोठी नस चेतवली जाते, एवढं निश्चित.

कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या विद्यापीठात जॉन लाँगहर्स्ट यांच्या गटाने मांजरांवर केलेलं काम मला सर्वांत पटतं. हृदयाची एक धमनी अर्धवट आवळून, वर रक्तदाब वाढवून त्यांनी हृदयाला रक्त कमी पाडलं. मग पुढच्या पायात याच जागी विद्युत-सुया लावल्या. हृदयाच्या भिंतीची बिघडलेली हालचाल सुधारली. गंमत म्हणजे रक्तपुरवठा वाढला नव्हता, हृदयाची मागणी कमी झाली होती! मेंदूच्या देठात रक्तदाब चढवणाऱ्या पेशींचा एक समूह असतो, त्यांना या उत्तेजनाने लगाम बसतो, आणि त्यात शरीरातल्याच अफूसदृश रसायनांचा हात असतो, हे त्यांनी टप्प्याटप्प्याने दाखवलं. धोक्याची घंटा बंद न करताही दुखणं कमी होण्याचा हा एक मार्ग आहे. हृदयाला धावपळ कमी करावी लागली, की तक्रारही कमी. १९८६ च्या डॅनिश अभ्यासात २६ रुग्णांपैकी खऱ्या सुया घेतलेल्यांची हृदयाची कार्यक्षमता खोट्या सुयांच्या तुलनेत वाढली होती, ते याच्याशी जुळतं.

घंटेविषयी बोलायचं तर आमच्या क्षेत्रातलं एक उदाहरण देतो. ज्यांचा अंजायना कशानेच आटोक्यात येत नाही, त्यांच्या मज्जारज्जूजवळ तार बसवून सौम्य विद्युतप्रवाह देतात. सुईपेक्षा कितीतरी जोरकस उपाय. तेव्हाही हीच भीती होती. अशा रुग्णांवर नजर ठेवली तेव्हा दिसलं की हार्ट अटॅकची वेदना त्या यंत्रामुळे लपत नाही. रोजची कळ दबते, मोठी कळ वर येते.

तरी काही गोष्टी पाठ करून ठेव. विश्रांतीत दुखलं, जिभेखालच्या गोळीने पाच मिनिटांत उतार पडला नाही, दरदरून घाम आला, किंवा कळा अचानक वाढल्या वा कमी श्रमात येऊ लागल्या, तर तो स्थिर अंजायना राहिला नाही. अशा वेळी सुया नाहीत, वाट पाहणं नाही, सरळ रुग्णालय गाठायचं. ज्यांना मधुमेह आहे त्यांना मुळातच दुखणं कमी जाणवू शकतं, तिथे जास्तच सावध.

सुया घ्यायच्याच असतील तर स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांविषयी आधी सांगायचं, आणि त्या आपल्या मनाने एक दिवसही बंद करायच्या नाहीत. पेसमेकर असेल तर विद्युत-सुया नकोत. आणि छातीवर सुई टोचू द्यायची नाही, हात पुरेत. फुप्फुसाला छिद्र पडल्याच्या नोंदी आहेत. काही माणसांच्या छातीच्या मधल्या हाडात जन्मतःच भोक असतं, बाहेरून ते कळत नाही, आणि तिथून सुई थेट हृदयापर्यंत पोचू शकते. हे दुर्मीळ आहे, पण मी ते विसरू शकत नाही.

ओंजळ

डॉक्टरकाका, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. "हृदयाला धावपळ कमी" इथे त्यांनी मला थांबवलं आणि ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

काटेकोर

एक सूचना. सुया सुरू करण्याआधी चार आठवडे बाबांना वही लिहू द्या. कळ किती वाजता आली, काय करत असताना आली, किती मिनिटं टिकली, गोळी लागली का. माणूस उपचाराकडे वळतो तो दुखणं अगदी वर गेलेलं असताना, आणि वर गेलेलं आपोआप थोडं खालीही येतं. आधीची नोंद नसेल तर त्या उताराचं श्रेय सुयांना जाईल.

पारिजातक

आणि वही त्यांची त्यांनाच लिहू दे. माझी मुलगी माझ्यासाठी लिहायची, तेव्हा तिला त्रास नको म्हणून मी निम्म्या कळा सांगायचेच नाही.

ओंजळ

पाच आठवड्यांनी परत आलेय.

बाबांनी वही मनापासून लिहिली. पहिल्या आठवड्यात नऊ कळा, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात सहा, चौथ्यात पाच. एकही सुई न टोचता! काटेकोर सर, मी ते आकडे बघत बसून राहिले.

वहीत आणखी एक दिसलं. निम्म्याहून जास्त कळा जेवणानंतरच्या अर्ध्या तासात जिना चढताना आल्या होत्या. सहा वर्षांत हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. हृदयरोगतज्ज्ञांनी वही पानन् पान वाचली, एका गोळीची वेळ बदलली आणि जेवणानंतर तासभर जिना टाळायला सांगितलं. ॲक्युपंक्चरला त्यांची हरकत नाही, अटी डॉक्टरकाकांनी सांगितल्या त्याच. उपचार करणाऱ्या बाईंनीही त्या लगेच मान्य केल्या.

सोमवारी पहिली बैठक ठरली आहे. पण गोळीची वेळ बदलून आठवडासुद्धा झालेला नाही. दोन्ही एकदम सुरू केलं तर कशाने काय झालं ते कळणारच नाही ना?

काटेकोर

नाही कळणार. आणखी तीन आठवडे थांबा, मग सुया. एका वेळी एकच बदल.

दीपमाळ

बरोबर. स्थिर अंजायना आहे, तीन आठवड्यांनी काही बिघडत नाही. आणि सुया सुरू झाल्या की प्रत्येक बैठकीत जडपणा जाणवला की नुसतंच टोचलं, तेही त्यांना लिहू दे. निळाईच्या त्या तेरा माणसांसारखं.

ओंजळ

सोमवारची वेळ पुढे ढकलली. बाबांना कारण सांगितलं, तर चिडतील वाटलं होतं. ते वही घेऊन आले, पट्टी पुढे केली आणि म्हणाले, "मग सुयांचा एक रकाना आताच आखून ठेव. तीन आठवडे रिकामा राहू दे."